आदल्या दिवशीचा निकाल

आमचं घर भोपाळचं. घरात मराठी, भाजी आणायला गेलं की हिंदी, आणि आई रागावली की शुद्ध नागपुरी. कॉलेजसाठी मुंबईला आले तेव्हा हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं की भोपाळला मराठी माणसं कुठून आली. सगळ्यांचं मला सांगता येणार नाही, पण आमच्या घराचं उत्तर एका तारखेत आहे. 1 नोव्हेंबर 1956. त्या दिवशी जुना मध्य प्रदेश मोडला. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. महाकोशल, मध्यभारत, विंध्य प्रदेश आणि भोपाळ एकत्र येऊन नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी नागपूरहून उठली आणि भोपाळला गेली. तिच्यामागे फायली गेल्या आणि फायलींमागे कारकून. त्या कारकुनांत माझे आजोबा होते. वय तेवीस, सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि नवी नवरी.

त्याच दिवसाने आणखी एका माणसाला नागपूरहून मध्य प्रदेशात नेलं. त्याच्याबद्दल मला लिहायचं आहे. मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूर उच्च न्यायालयाचे शेवटचे मुख्य न्यायाधीश आणि नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले. न्यायालय जबलपूरला बसणार होतं, पण नव्या राज्याच्या पहिल्या राज्यपालांना, पट्टाभि सीतारामय्यांना, शपथ द्यायला ते भोपाळला आले होते. शपथविधी मध्यरात्री लाल कोठीत झाला. लाल कोठी म्हणजे राज्यपालांचं निवासस्थान. आजोबा ही गोष्ट अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, ते पहिल्या रांगेत बसले होते. प्रत्यक्षात ते बाहेर, फाटकापासून बरेच लांब, थंडीत उभे होते. पण आत आमचा नागपूरचा माणूस शपथ देतो आहे, याचा त्यांना फार अभिमान होता.

हा अभिमान चौदा वर्षं टिकला. 15 डिसेंबर 1970 ला तो तुटला. का तुटला आणि पुढे काय झालं, ते सांगण्याआधी हिदायतुल्लांची ओळख करून द्यायला हवी, कारण आमच्या पिढीला हे नाव फक्त स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरतं माहीत असतं. सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि हंगामी राष्ट्रपती अशी तिन्ही पदं भूषवलेले पहिले गृहस्थ. एक मार्काचा प्रश्न. उत्तर लिहिलं की विसरायचं.

त्यांचा जन्म 17 डिसेंबर 1905 चा, लखनौचा, पण आयुष्य घडलं ते आपल्याकडच्या मध्य प्रांतात. वडील सरकारी अधिकारी आणि उर्दू कवी. शाळा रायपूरची, बी.ए. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून, मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज आणि लंडनला बॅरिस्टरी. 1930 मध्ये नागपूरला वकिली सुरू केली. पुढे सरकारी वकील, महाधिवक्ता आणि 1946 मध्ये न्यायाधीश. देशाची फाळणी झाली तेव्हा त्यांचे भाऊ इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले परराष्ट्र सचिव झाले. हे नागपूरलाच राहिले. 1948 मध्ये त्यांनी पुष्पा शहा यांच्याशी लग्न केलं. आजूबाजूला काय चाललं होतं ते आठवलं, म्हणजे त्या वर्षी एका मुसलमान न्यायाधीशाने हिंदुस्थानात राहून आंतरधर्मीय लग्न करणं किती धीराचं होतं ते कळतं. 1954 मध्ये ते नागपूरचे मुख्य न्यायाधीश झाले. वय अवघं अठ्ठेचाळीस. देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश तेव्हा त्यांच्याहून तरुण नव्हता. 1958 च्या डिसेंबरात ते दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले.

दिल्लीतल्या त्यांच्या तीन गोष्टी मी निवडल्या आहेत. तिन्हींत मराठी माणसं आहेत, आणि तिन्ही एकाच प्रश्नाभोवती फिरतात. निवडून आलेलं सरकार आणि न निवडलेलं न्यायालय यांच्यात शेवटचा शब्द कुणाचा?

पहिली गोष्ट 1964 च्या ऑक्टोबरातली. संसदेने सतरावी घटनादुरुस्ती करून जमीनसुधारणांचे अनेक कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेऊन ठेवले होते. सज्जनसिंग खटल्यात पाच न्यायाधीशांपुढे प्रश्न आला की मूलभूत हक्कांना हात लावणारी दुरुस्ती संसद करू शकते का. सरन्यायाधीश होते प्र. बा. गजेंद्रगडकर. पाचही जणांनी दुरुस्ती टिकवली. पण दोघांनी आपल्या निकालात शंका नोंदवून ठेवली. एक हिदायतुल्ला आणि दुसरे ज. र. मुधोळकर, अमरावतीच्या रघुनाथराव मुधोळकरांचे चिरंजीव. दोघंही जुन्या नागपूर उच्च न्यायालयातले. हिदायतुल्लांची शंका अशी की ज्या हक्कांना आपण मूलभूत म्हणतो ते एखाद्या विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं कसं असू शकेल. मुधोळकरांनी त्याहून एक पाऊल पुढे टाकून विचारलं की घटनेची काही मूळ वैशिष्ट्यं अशी आहेत का, की जी बदलली तर ती दुरुस्ती राहत नाही, घटना नव्याने लिहिल्यासारखंच होतं. नऊ वर्षांनी, 24 एप्रिल 1973 ला, केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी जो पायाभूत चौकटीचा सिद्धांत सांगितला, त्याचं बी या नागपूरकरांच्या शंकेत सापडतं. शंका लिहून ठेवण्याचं महत्त्व मला इथे कळलं. त्या दिवशी तिने काहीच बदललं नव्हतं.

दुसरी गोष्ट 1966 ची, मुंबईची. ब्लिट्झ साप्ताहिकावर अब्रूनुकसानीचा मोठा दावा चालू होता. आपली साक्ष वर्तमानपत्रांत छापून आल्याने धंद्याचं नुकसान होतं, अशी तक्रार एका साक्षीदाराने केली. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी ती साक्ष छापायची नाही असा तोंडी हुकूम दिला. नरेश श्रीधर मिरजकर नावाच्या पत्रकाराने दाद मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायाधीशांपुढे गेलं. आठ जण म्हणाले की न्यायालयाच्या असल्या हुकमाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. एकटे हिदायतुल्ला उलट बाजूला राहिले. त्यांचं म्हणणं साधारण असं, की सरकारवर मूलभूत हक्कांचं बंधन आहे तर न्यायाधीशावरही आहे. न्यायालय उघड्यावर चालायला हवं आणि तिथे जे घडतं ते लोकांना कळायला हवं.

या गोष्टीतली नावं बघा. हुकूम देणारे तारकुंडे, दाद मागणारे मिरजकर, बहुमताचा निकाल लिहिणारे गजेंद्रगडकर. गंमत म्हणजे ज्या तारकुंडेंचा हुकूम इथे वादात सापडला, तेच पुढे आणीबाणीच्या काळात नागरी स्वातंत्र्याचे मोठे कैवारी झाले. माणसं एका निकालाने ओळखता येत नाहीत.

मला मात्र या खटल्यात दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. न्यायालयाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना आपण नेहमी सरकारकडे बोट दाखवतो. हिदायतुल्लांनी इथे बोट स्वतःच्याच घराकडे केलं. न्यायाधीशाची सत्ताही सत्ताच आहे आणि तिलाही वेसण हवी, हे एका न्यायाधीशाने आठ सहकाऱ्यांच्या विरोधात लिहिलं.

तिसरी गोष्ट, म्हणजे आजोबांचा अभिमान ज्याने तुटला तो निकाल.

1968 च्या फेब्रुवारीत हिदायतुल्ला सरन्यायाधीश झाले. पुढच्या वर्षी राष्ट्रपती झाकीर हुसेन वारले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती होते, पण राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवायला त्यांनी राजीनामा दिला. मग 20 जुलै ते 24 ऑगस्ट 1969 असे पाच आठवडे सरन्यायाधीशच राष्ट्रपतींच्या खुर्चीत बसले. याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन दिल्लीला आले आणि त्यांचं स्वागत हिदायतुल्लांनी केलं. याच दिवसांत चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यावर त्यांनी सही केली. 1970 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. अकरापैकी दहा न्यायाधीश कायद्याच्या विरोधात गेले. सही करणारे हिदायतुल्ला त्या पीठात नव्हते.

सरकार चिडलं होतं. लोकही चिडले होते. गरिबी हटवायला निघालेल्या सरकारच्या पायात न्यायालय खोडा घालतं, असं गल्लोगल्ली बोललं जात होतं. त्यात संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न आला. संस्थानं विलीन करताना सरदार पटेलांनी राजेरजवाड्यांना तनख्याचं वचन दिलं होतं आणि ते घटनेत लिहिलेलं होतं. स्वातंत्र्याला तेवीस वर्षं झाली तरी सरकारी तिजोरीतून राजांना करमुक्त पैसा जात होता. इंदिरा गांधींच्या सरकारने तो बंद करायला घटनादुरुस्ती आणली. लोकसभेत ती मंजूर झाली. राज्यसभेत 5 सप्टेंबर 1970 ला बाजूने 149 आणि विरुद्ध 75 मतं पडली. दोन तृतीयांश व्हायला 149 पूर्णांक एक तृतीयांश हवी होती. म्हणजे मताच्या एका तुकड्याने दुरुस्ती पडली. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या हुकमाने देशातल्या सगळ्या संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात काढून घेतली गेली. मान्यता नाही तर तनखा नाही.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे आणि इतर राजे न्यायालयात गेले. आमच्या भोपाळातही हा चर्चेचा विषय होता, कारण भोपाळ हे संस्थानच होतं. आजोबांच्या घरी मात्र चर्चा नव्हती, एकमत होतं. राजांचे लाड बंद झाले याचा आनंद.

11 न्यायाधीशांनी खटला ऐकला. 15 डिसेंबर 1970 ला निकाल लागला. नऊ विरुद्ध दोन मतांनी हुकूम रद्द. हिदायतुल्लांनी स्वतःचा वेगळा निकाल लिहिला आणि तो हुकमाच्या विरुद्ध होता. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

आजोबांनी त्या रात्री जेवताना काय काय म्हटलं ते आजीने मला सांगितलंय, इथे लिहिण्यासारखं नाही. नागपूरचा माणूस राजांना विकला गेला, इतकंच लिहिते. आता मला माहीत आहे की ही शिवी खोटी होती. तीन वर्षांपूर्वी, 1967 च्या गोलकनाथ खटल्यात, याच माणसाने लिहिलं होतं की मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घातला हीच घटना लिहिताना झालेली चूक. राजांच्या इस्टेटीबद्दल कळवळा असलेला माणूस असं लिहीत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न राजे चांगले की वाईट हा नव्हता. कुणाला राजा म्हणून मान्यता द्यायची, हे ठरवायचा अधिकार घटनेने राष्ट्रपतींना दिला होता. तो अधिकार वापरून राजे ही गोष्टच संपवता येते का? संसदेत जे मतांनी मिळालं नाही, ते दुसऱ्या दिवशी एका कागदाने मिळवता येतं का? नऊ न्यायाधीशांचं उत्तर होतं, नाही.

त्या रात्री आजीने आजोबांना एक आठवण करून दिली. आजोबांचं स्वतःचं एक प्रकरण तेव्हा जबलपूरच्या उच्च न्यायालयात पडून होतं. चार राज्यांचे कारकून एकत्र केल्यावर ज्येष्ठता यादी लावताना त्यांच्या नागपूरच्या नोकरीची वर्षं धरलीच नव्हती. मागून आलेले लोक बढती घेऊन पुढे गेले. अर्ज करून थकल्यावर त्यांनी खात्याविरुद्ध याचिका केली होती. तारखेच्या आदल्या रात्री गाडीत बसायचं, सकाळी जबलपूर, संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत. आजी सातवी शिकलेली. तिचं म्हणणं एवढंच होतं, की जे कोर्ट राजांच्या बाबतीत सरकारच्या मनासारखं वागेल, ते कारकुनाच्या बाबतीतही सरकारच्याच मनासारखं वागेल. राजाला निदान वकील परवडतो.

आजोबा त्या रात्री ताटावरून उठले. पटलं म्हणून की राग आला म्हणून, ते आजीलाही सांगता आलं नाही. 1972 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्या निकालाची पिवळी पडलेली प्रत अजून ट्रंकेत आहे. आजोबा गेले तेव्हा मी दहावीत होते. त्यांनी हिदायतुल्लांबद्दलचं मत कधी उघड बदललं नाही, पण लाल कोठीची गोष्ट पुन्हा सांगायला लागले होते.

आणि तनखे? ते गेलेच. 1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळालं. त्या वर्षाच्या अखेरीला सव्विसावी घटनादुरुस्ती रीतसर मंजूर झाली आणि तनखे संपले. पुढे 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे न्यायालयाने लोकांची इच्छा अडवली नव्हती. योग्य दाराने या, एवढंच सांगितलं होतं.

सरकारला मात्र ते दार अडचणीचं वाटलं. केशवानंद निकालानंतर एका दिवसात शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं गेलं. बँका आणि तनखे, दोन्ही खटल्यांत रे यांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला होता. तिघांनी राजीनामे दिले. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1937 मध्ये अमेरिकेत रूझवेल्ट यांचे लोकप्रिय कायदे तिथलं सर्वोच्च न्यायालय रद्द करत होतं. तेव्हा त्यांनी न्यायाधीशांची संख्या नवावरून पंधरापर्यंत वाढवता येईल अशी योजना आणली. सिनेटमध्ये बहुमत त्यांच्याच पक्षाचं होतं आणि त्याच सिनेटने ती गुंडाळली. पुढे 1974 मध्ये, दिल्लीत हिदायतुल्लांचे पाहुणे म्हणून आलेल्या त्याच निक्सन यांना, सर्वोच्च न्यायालयाने खाजगी संभाषणांच्या फिती देण्याचा एकमताने हुकूम दिला. तो हुकूम देणाऱ्यांत निक्सननी स्वतः नेमलेले न्यायाधीश होते. फिती द्याव्या लागल्या आणि पंधरवड्यात अध्यक्षपद गेलं. तिथे आजही हा वाद शमलेला नाही. आपल्याकडेही नाही.

हिदायतुल्लांचं सगळंच मला पटतं असं समजू नका. 1970 मध्येच त्यांच्यापुढे ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचा खटला आला होता. केरळचे मुख्यमंत्री असताना नंबुद्रिपाद पत्रकारांसमोर म्हणाले होते की न्यायाधीश वर्गीय पूर्वग्रहाने श्रीमंतांच्या बाजूने झुकतात. उच्च न्यायालयाने बेअदबी ठरवून हजार रुपये दंड केला होता. हिदायतुल्लांनी दंड पन्नास रुपयांवर आणला, पण दोषी ठरवणं कायम ठेवलं. वर मार्क्स आणि एंगल्स तुम्हाला नीट कळले नाहीत, असंही निकालात समजावलं. हे वाचताना मला मिरजकर खटल्यातले हिदायतुल्ला आठवले. न्यायालयावर टीका ऐकून घेण्याइतकं मोठं मन त्या दिवशी दाखवता आलं असतं. माझे आजोबा 15 डिसेंबरच्या रात्री जे बोलले ते नंबुद्रिपादांपेक्षा बरंच वाईट होतं, आणि नशिबाने ते फक्त आजीने ऐकलं.

1979 मध्ये हिदायतुल्ला बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि पाच वर्षं त्याच राज्यसभेच्या अध्यक्षस्थानी बसले, जिथे एका तृतीयांश मताने तो सगळा प्रसंग सुरू झाला होता. 18 सप्टेंबर 1992 ला मुंबईत त्यांचं निधन झालं. रायपूरच्या विधी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

त्यांनी जबलपूरला सुरू करून दिलेल्या न्यायालयाची एक गोष्ट सांगून थांबते. आणीबाणीत, 1975 मध्ये, विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या लोकांच्या याचिका आम्ही ऐकू, असं म्हणण्याचं धाडस ज्या मोजक्या उच्च न्यायालयांनी केलं त्यांत जबलपूर होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये चार विरुद्ध एक मताने ते फिरवलं. एकटे ह. रा. खन्ना विरोधात राहिले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. बहुमतात आपले यशवंतराव चंद्रचूडही होते. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केलं. ते लिहिणारे न्यायाधीश त्यांचेच चिरंजीव.

दिवाळीत घरी गेले की लाल कोठीच्या रस्त्यावरून रिक्षा जाते. पूर्वी मी त्या फाटकाकडे बघून आजोबा नेमके कुठे उभे असतील याचा अंदाज करायचे. या वेळी ट्रंक उघडून त्यांच्या निकालाची प्रत पहिल्यांदा पूर्ण वाचली. आठ पानं आहेत. शेवटच्या पानावर आजोबांनी पेन्सिलीने तारीख घातली आहे, आणि तिच्याखाली आजीचं नाव.